अमेरिकेत टीव्हीने नक्की काय बदललं: लोकल स्टेशनवर बावीस वर्षं काढल्यावर मला दिसलं ते

तुझा प्रश्न वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत सांगते. जर्नालिझमच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, सेमिनारला विषय मिळालाय टीव्ही आणि अमेरिकन समाज, आणि वाचायला बसलं की सगळीकडे तीच तीन वाक्यं येतायत, टीव्हीमुळे केनेडी निवडून आला, टीव्हीमुळे व्हिएतनामचं युद्ध थांबलं, टीव्हीमुळे हिंसाचार वाढला. आणि तुला कळत नाहीये की टीव्ही समाजाला बदलतो असं धरायचं की समाजाला हवं तेच टीव्ही दाखवतो असं. (तू म्हणते, चालेल ना, माझ्या मुलापेक्षा लहानच असशील.)

मी मूळची साताऱ्याची. 1996 ला ओहायोत आले आणि पुढची बावीस वर्षं तिथल्या एका मध्यम शहरातल्या लोकल टीव्ही स्टेशनवर काढली, पहिली काही न्यूजरूममध्ये आणि नंतर रिसर्चला, म्हणजे रेटिंगचे आकडे वाचायचे, कुठला कार्यक्रम किती वाजता लावावा ते सांगायचं, आणि सेल्सवाल्यांना जाहिरातदारांपुढे मांडायला तक्ते करून द्यायचे. त्यामुळे मी जे सांगतेय ते दुकानात गल्ल्यामागे बसलेल्या माणसाला दिसतं तसं आहे, तुमच्या सरांना कदाचित वेगळं दिसत असेल.

बदलतो की दाखवतो, यातलं एक निवडायला गेलीस की गाडी तिथेच अडते. माझ्या कामात मला दोन गोष्टी विचारायची सवय लागली. बघणाऱ्याकडे त्या विषयाचा स्वतःचा अनुभव आहे का, आणि दाखवणाऱ्याला पैसे कोण देतंय. ज्या गोष्टीचा माणसाला रोजचा अनुभव आहे तिथे टीव्हीचं फारसं चालत नाही, तुझ्या गल्लीत कचरा उचलतात की नाही हे तुला टीव्हीने सांगून काही फरक पडणार नाही. पण जिथे अनुभवच नाही, म्हणजे लांबचं राज्य, दुसऱ्या वंशाची माणसं, कोर्ट, युद्ध, तिथे टीव्हीवर बघितलेलंच माणसाचा अनुभव होऊन बसतं, आणि मग त्या रिकाम्या जागेत काय भरलं जातं ते बऱ्याच अंशी पैसे देणाऱ्यावर ठरतं. परिणाम किती हे अर्थात दशकावर अवलंबून आहे, चॅनेल किती होते त्यावर आहे, बघणाऱ्याच्या वयावर आहे, आणि हे कोणी एका वाक्यात सांगत असेल तर ते वाक्य सेमिनारमध्ये घेऊ नकोस.

आधी पैशाचं सांगते कारण ते कळलं की बाकीचं सोपं जातं. ब्रिटनमध्ये टीव्ही घरोघरच्या लायसन्स फीवर उभा राहिला, अमेरिकेत मात्र रेडिओच्या काळापासूनच सगळं जाहिरातीवर. दुपारच्या रडक्या मालिकांना सोप ऑपेरा म्हणतात ते 1930 च्या दशकात साबणाच्या कंपन्या त्या रेडिओवर आणायच्या म्हणून. आमच्या धंद्यात प्रेक्षक गिऱ्हाईक नसतो, गिऱ्हाईक जाहिरातदार, आणि त्याला आम्ही विकायचो ते प्रेक्षकांचं लक्ष, दर हजार माणसांमागे इतके डॉलर असा भाव. त्यातही बातम्या विकायच्या त्या 25 ते 54 वयाच्या लोकांवर. सत्तरीच्या आजी रोज न चुकता सहाच्या बातम्या बघायच्या पण आमच्या सेल्सच्या तक्त्यात त्या नसायच्याच.

याचं जुनं आणि अगदी स्वच्छ उदाहरण म्हणजे 'आय लव्ह ल्यूसी', 1951 ला सुरू झालेली कॉमेडी, स्पॉन्सर सिगारेट कंपनी. नायिका ल्यूसिल बॉल खऱ्या आयुष्यात गरोदर राहिली आणि ते मालिकेतच घ्यायचं ठरलं, तर 'प्रेग्नंट' हा शब्द कोणी उच्चारायचा नाही असं ठरलं, सगळे 'एक्स्पेक्टिंग' म्हणायचे, आणि स्क्रिप्ट एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रब्बाय यांना दाखवून घेतल्या. 19 जानेवारी 1953 ला बाळ झाल्याचा भाग सुमारे 4 कोटी 40 लाख लोकांनी बघितला, दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवरचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी होता तो सुमारे 2 कोटी 90 लाख. आता हे बदलणं की दाखवणं? गरोदर बायका घरोघर होत्याच, त्यात नवीन काही नव्हतं. नवीन हे होतं की आता दिवाणखान्यात सगळ्यांसमोर त्याबद्दल बोलता यायला लागलं, पण कुठल्या शब्दात बोलायचं ते मात्र कोणाचंही मन दुखू नये असं वाटणाऱ्या स्पॉन्सरने आणि नेटवर्कने, म्हणजे देशभरच्या स्टेशनांना कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीने, ठरवलं. देशभर खपायचं असेल तर सगळ्यात घाबरट प्रेक्षकाला सांभाळावं लागतं, आणि त्या काळचा अमेरिकन टीव्ही इतका गुळगुळीत का होता त्याचं मोठं कारण हे.

आता तुझी तीन वाक्यं.

केनेडी आणि निक्सन या राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची टीव्ही डिबेट, 26 सप्टेंबर 1960, शिकागो. टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी जिंकला असं वाटलं आणि रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन, हे तू दहा ठिकाणी वाचलं असशील. ज्या पाहणीवर हे उभं आहे तिच्यात रेडिओ ऐकणारे तीनशेसुद्धा नव्हते, आणि 1960 ला, जेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ घरांत टीव्ही होता, तेव्हा रेडिओवर ऐकणारी माणसं कोण असतील याचा विचार कर, खेड्यातली, प्रोटेस्टंट, कॅथलिक केनेडीबद्दल आधीच साशंक असलेली असण्याची शक्यता जास्त. म्हणजे रेडिओमुळे निक्सन आवडला की निक्सन आवडणारेच रेडिओवर होते हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही. रिसर्चला बसलं की पहिली शिकवण हीच असते, आकडा बघायच्या आधी तो कोणाचा आहे ते बघ. त्या रात्रीचा खरा परिणाम मला दुसरीकडे दिसतो, आजारपणातून उठलेला, घामेजलेला निक्सन सगळ्या पुढाऱ्यांच्या डोक्यात इतका बसला की पुढची सोळा वर्षं राष्ट्राध्यक्षपदाची टीव्ही डिबेट झालीच नाही, थेट 1976 ला फोर्ड आणि कार्टर. मतदार किती हलले ते माहीत करून घेणं अवघड आहे, पण उमेदवार हलले हे नक्की.

व्हिएतनामबद्दल सांगतात ते वॉल्टर क्रॉन्काइटचं, सीबीएसचा बातमीदार, अख्खा देश ज्याच्यावर विश्वास ठेवायचा. टेट हल्ल्यानंतर, म्हणजे 1968 च्या सुरुवातीला कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनामभर केलेल्या हल्ल्यानंतर, तो स्वतः तिकडे जाऊन आला आणि 27 फेब्रुवारी 1968 ला म्हणाला की हे युद्ध कोंडीत अडकलंय, वाटाघाटी कराव्यात. मोठी गोष्ट होती, मी ती कमी लेखत नाही. पण हे युद्ध चूक होतं असं म्हणणारे लोक त्याआधीच, 1967 च्या शरद ऋतूत, गॅलप या जनमत मोजणाऱ्या संस्थेच्या पाहणीत चूक नाही म्हणणाऱ्यांच्या पुढे गेले होते, आणि त्या प्रसारणानंतरही अमेरिकन सैन्य तिथे पाच वर्षं होतं. कारण इथे लोकांकडे स्वतःचा अनुभव होता, सक्तीची सैन्यभरती चालू होती, गल्लीतला मुलगा शवपेटीतून परत येत होता. टीव्हीने ते मोठ्याने बोललं, पण लोकांना ते आधीच कळलेलं होतं.

याच्या उलटं बघायचं असेल तर सेल्मा बघ, मला वाटतं सेमिनारला हाच प्रसंग सगळ्यात चांगला. रविवार, 7 मार्च 1965, अलाबामातल्या सेल्मा गावी मतदानाचा हक्क मागत पुलावरून चाललेल्या काळ्या माणसांच्या मोर्चावर राज्याच्या पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. फिल्म विमानाने न्यूयॉर्कला नेली आणि रात्री एबीसी या नेटवर्कने चालू सिनेमा मध्येच थांबवून ती दाखवली. तो सिनेमा होता जर्मनीत नाझी न्यायाधीशांवर चाललेल्या खटल्याचा, सुमारे 4 कोटी 80 लाख लोक बघत बसले होते. डोळ्यापुढे आण, अन्याय चालू असताना गप्प बसलेल्या जर्मनांवरचा सिनेमा, आणि त्याच्या मधोमध आपल्याच देशात बायकांना रस्त्यावर पाडून मारताना. उत्तरेतल्या गोऱ्या माणसाला दक्षिणेत काय चालतं ते ऐकून माहीत होतं, बघितलेलं नव्हतं. पुढच्या काही दिवसांत देशभरातून लोक, पाद्री, विद्यार्थी गाड्या भरून सेल्माला पोचले, 15 मार्चला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन संसदेपुढे बोलले आणि 6 ऑगस्टला मतदान हक्काच्या कायद्यावर त्यांची सही झाली. पण इथेही टीव्हीने केलं असं लिहू नकोस. काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीतली माणसं कित्येक वर्षं जीव धोक्यात घालून काम करत होती, आणि सेल्मा निवडताना तिथला शेरीफ कसा वागेल आणि कॅमेरे काय टिपतील हा विचार त्यांनी केलेला होता. टीव्ही कसा चालतो हे त्यांना टीव्हीवाल्यांपेक्षा चांगलं कळलं होतं असं मला मनापासून वाटतं, आणि ते श्रेय त्यांचंच आहे.

तिसरं हिंसाचाराचं. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण यात माझेही हात आहेत.

टीव्हीवर मारामारी बघून मुलं मारामारी करतात का यावर अमेरिकेत कितीतरी दशकं भांडण चालू आहे, त्यात मी पडत नाही. मला पटतं ते जॉर्ज गर्बनर यांचं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1960 च्या दशकाच्या शेवटापासून ते आणि त्यांचे सहकारी टीव्हीवरची हिंसा मोजत होते, आणि त्यांचं म्हणणं असं की जास्त टीव्ही बघणारा माणूस हिंसक होतो की नाही ते सोड, तो घाबरट होतो, जग आहे त्यापेक्षा दुष्ट वाटायला लागतं. आणि हे आकड्यात दिसतं. अमेरिकेत हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण 1991 च्या आसपास सगळ्यात वर होतं, मग पुढच्या दोन दशकांत जवळपास निम्म्यावर आलं, तरी बहुतेक प्रत्येक वर्षी गॅलपच्या पाहणीत बहुसंख्य लोक म्हणायचे की देशात गुन्हे वाढलेत.

का ते मी रोज बघत होते. आमच्या न्यूजरूममध्ये एका टेबलवर पोलीस स्कॅनर, म्हणजे पोलिसांचं वायरलेसवरचं बोलणं ऐकायचं यंत्र, दिवसभर खरखरत असायचा. घरफोडी झाली की एक व्हॅन, एक कॅमेरावाला, पिवळी टेप, शेजारीण म्हणणार की आमच्या भागात असं कधी होत नाही, दीड तासात बातमी तयार. शाळेच्या बजेटची बातमी करायची तर तीन दिवस कागद वाचायचे आणि दाखवायला चित्र काय, तर मीटिंगमध्ये बसलेली माणसं. आणि नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै हे मोजणीचे महिने, त्यांना आम्ही स्वीप्स म्हणायचो, त्या महिन्यांतल्या रेटिंगवर पुढचे जाहिरातीचे दर ठरायचे (आपल्याकडे टीआरपी म्हणतात तसंच, फक्त आमच्याकडे तेव्हा लोक कागदी डायरीत पेनने लिहायचे). अशाच एका फेब्रुवारीत एका उपनगरात दोन आठवड्यांत चार घरफोड्या झाल्या आणि आम्ही तीन रात्री तीच बातमी वर घेतली, लोगो वगैरे करून. मागच्या वर्षी त्याच पंधरवड्यात तिथे पाच झाल्या होत्या. पोलिसांचा तो कागद माझ्या टेबलवर होता, मी तो दिला, वेळ नाही म्हणून वापरला नाही, आणि मी पुन्हा बोलले नाही.

चौथ्या दिवशी फोन आला, मीच उचलला. एक म्हातारी बाई, आवाज कापत होता, विचारत होत्या की मागच्या दाराची काच काढून तिथे लाकूड बसवू का, आणि मुलगी म्हणते संध्याकाळी चालायला जा तर जाऊ की नको. मी विचारलं कुठे राहता. त्या राहत होत्या आमच्या शहरापासून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या एका शेतकरी गावात, जिथे घरफोडीच काय, स्कॅनरवर नावसुद्धा कधी यायचं नाही. मी समजावलं, त्या थँक यू म्हणाल्या, पण चालायला गेल्या असतील असं मला वाटत नाही. घरफोडीचा त्यांना स्वतःचा काहीच अनुभव नव्हता, मी वर म्हटलं ती रिकामी जागा तीच, आणि ती आम्ही भरली होती.

इथपर्यंतचं थोडक्यात एवढंच की व्हिएतनामच्या बाबतीत अमेरिकेत घरोघर अनुभव होता म्हणून टीव्ही लोकांच्या मागून चालला, सेल्मात आणि त्या बाईंच्या बाबतीत अनुभव नव्हता म्हणून पुढे गेला, एकदा चांगल्यासाठी, एकदा वाईटासाठी.

संशोधनात याला आधार मिळतो का, तर मिळतो, आणि हा भाग तुझ्या सरांना आवडेल. 1948 ते 1952 अमेरिकेच्या सरकारी खात्याने, एफसीसीने, नव्या टीव्ही स्टेशनांचे परवाने गोठवले होते, कारण लहरींची वाटणी नीट झाली नव्हती. त्यामुळे काही शहरांत टीव्ही आला आणि तशाच काही शहरांना नंतर चार-पाच वर्षं थांबावं लागलं, म्हणजे तुलना करायला आयताच प्रयोग. मॅथ्यू गेंट्झकाऊ आणि जेसी शपिरो या अर्थतज्ज्ञांनी यावर काम केलं. लहानपणी टीव्ही बघितलेल्या मुलांचे पुढे शाळेतले मार्क घसरले का, तर नाही, उलट ज्या घरात इंग्रजी ही पहिली भाषा नव्हती किंवा आई फार शिकलेली नव्हती तिथे थोडा फायदाच दिसला. पुन्हा तेच, घरात जे नव्हतं ते टीव्हीने आणून दिलं. आणि गेंट्झकाऊंच्याच दुसऱ्या अभ्यासात टीव्ही आला तिथे मतदान कमी झालेलं दिसलं, कारण लोक वर्तमानपत्र आणि रेडिओ सोडून टीव्हीकडे वळले आणि स्थानिक राजकारणाची माहिती जी पेपरातून मिळायची ती टीव्हीवर नव्हतीच. काय दाखवलं याइतकंच त्याने काय बाजूला सारलं हेही मोजायला हवं, हे बरेच जण विसरतात.

आता चॅनेलांचं. 1970 च्या दशकापर्यंत संध्याकाळी तीन नेटवर्कच्या अर्ध्या तासाच्या बातम्या, तिन्हीकडे जवळपास तेच. 28 फेब्रुवारी 1983 ला 'मॅश' या मालिकेचा शेवटचा भाग साधारण 10 कोटी 60 लाख लोकांनी बघितला, आता एवढं फक्त सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, बघतात. मग केबलवरची बातम्यांची चॅनेलं, 1980 ला सीएनएन आलं, 1996 ला फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी. बरेच लोक सांगतात की 1987 ला फेअरनेस डॉक्ट्रिन, म्हणजे वादाच्या विषयात दोन्ही बाजू दाखवायचा नियम, काढला म्हणून अमेरिका दुभंगली. रेडिओवरच्या राजकीय बडबडीला त्याने मोकळं रान मिळालं हे खरं, पण तो नियम हवेतून प्रसारण करणाऱ्या स्टेशनांना होता, केबल चॅनेलांना तो लागूच होत नव्हता, हे लक्षात ठेव. केबलचं कारण मला हिशोबात दिसतं. केबलला जाहिरातीशिवाय प्रत्येक कनेक्शनमागे महिन्याची फी मिळते, त्यामुळे वीस-तीस लाख माणसं रोज चिकटून बसली तरी धंदा चालतो. तीन चॅनेल असताना कोणाला दुखवायचं नाही हा नियम होता, शंभर चॅनेल झाल्यावर आपल्या लोकांना धरून ठेवायचं हा नियम झाला, आणि माणसाला धरून ठेवायला राग आणि भीती जेवढी उपयोगी पडते तेवढं दुसरं काही पडत नाही. आणि मग दुसऱ्या पक्षाची माणसं कशी असतात हा अनुभवही टीव्हीवरूनच यायला लागला, कारण शेजारी ती राहतच नाहीत.

पैसे कोण देतंय याची साधी परीक्षा हवी असेल तर अमेरिकेतल्या संध्याकाळच्या बातम्यांमधल्या जाहिराती मोज. आई पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तिने विचारलं होतं की इथले सगळे लोक आजारी आहेत का. डॉक्टरच्या चिठ्ठीच्या औषधांची थेट लोकांना जाहिरात अमेरिका आणि न्यूझीलंड सोडून जवळपास कुठेच चालत नाही, आणि 1997 ला अमेरिकेच्या औषध खात्याने नियम सैल केल्यावर टीव्हीवर त्यांचा पूर आला. मग लोक डॉक्टरकडे जाऊन औषधाचं नाव सांगून मागायला लागले.

एक चांगलं उदाहरणही दे, नाहीतर सेमिनार एकांगी होईल. 1988 ला हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागातल्या जे विन्स्टन यांनी हॉलिवूडच्या निर्मात्यांना जाऊन विनंती केली की पार्टीला जाताना एकाने दारू न पिता गाडी चालवायची, ही गोष्ट तुमच्या मालिकांमध्ये एखाद्या संवादात येऊ द्या. भाषण नको, एक-दोन वाक्यं पुरे. काही वर्षांत 'डेझिग्नेटेड ड्रायव्हर' हा शब्द शब्दकोशात गेला. दारू पिऊन होणारे अपघाती मृत्यूही त्या काळात कमी झाले, पण तेव्हाच कायदेही कडक झाले होते आणि पिण्याचं वय देशभर 21 झालं होतं, त्यामुळे श्रेय वाटून द्यावं लागेल.

आणि आपल्या लोकांचा याच्याशी संबंध विचारलास तर माझ्या घरातलंच सांगते. 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेत अपू नावाचा भारतीय दुकानदार होता, त्याचा आवाज हँक अझारिया हा गोरा नट काढायचा, हेल काढून. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना शाळेच्या बसमध्ये पोरं त्याला त्याच हेलात 'थँक यू, कम अगेन' म्हणायची. तो ओहायोतच जन्मलेला, त्याचं इंग्रजी त्यांच्यासारखंच, पण त्या पोरांनी त्याच्याआधी बघितलेला भारतीय माणूस एकच होता आणि तो कार्टूनमधला होता. तो मला म्हणाला, आई, तू डब्याला पोळीभाजी देऊ नको. 2020 ला अझारियाने तो आवाज काढणं थांबवलं तेव्हा मुलगा नोकरीला लागलेला होता, त्याने मला बातमी पाठवली, वर काही लिहिलं नव्हतं.

सेमिनारला सगळं घेऊ नकोस. सेल्मा घे आणि लोकल बातम्यांमधले गुन्हे घे, दोन्हीला तेच दोन प्रश्न विचार, अनुभव कोणाकडे होता आणि पैसे कोण देत होतं. शेवटी वेळ उरला तर सांग की मे 2025 मध्ये निल्सन या प्रेक्षक मोजणाऱ्या कंपनीच्या मोजणीत स्ट्रीमिंग पहिल्यांदाच साधं प्रसारण आणि केबल दोन्ही मिळून जेवढं बघितलं जातं त्याच्या पुढे गेलं, आता प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळं काही येतं आणि शेजाऱ्याने काल काय बघितलं हे आपल्याला कळतही नाही. गर्बनर यांचे तक्ते आणि गुन्ह्यांची आकडेवारी शेजारी शेजारी कशी मांडायची ते अडलं तर विचार, मी करून देईन.